शारजा इथून किती लांब

दर्यापूर, १० फेब्रुवारी २००८

उज्माला सलाम, अलीझाला खूप प्यार.

फोन तू उचलत नाहीस. दानिशमियाँ उचलतात, खुशाली सांगतात आणि तू कामात आहेस म्हणतात. आठ वेळा केला, आठही वेळा तू कामात. म्हणून पत्र लिहितो आहे. घरात आपण हिंदी-वऱ्हाडी मिसळून बोलतो, पण लिहायचं म्हटलं की हरिहर सरांनी शिकवलेलं शाळेचं मराठीच हाताला येतं. हसू नकोस.

अम्मी गेली त्याला आज पंच्याहत्तर दिवस झाले. त्या बुधवारी तू पावणेचार वाजता दारात जीपमधून उतरलीस, तेव्हा आम्ही तिला मिट्टी देऊन परत आलो होतो. तू बॅग ओट्यावर ठेवलीस आणि मला विचारलंस, "भाईजान, दो घंटे नहीं रुक सकते थे?" मी म्हणालो, तुझा अमरावतीहून फोन आला पण आवाज तुटत होता, काही कळलं नाही. तू तीन दिवस राहिलीस. शेजारणींशी बोललीस, माझ्याशी नाही. जाताना अम्मीची शाल नेलीस, तीही मला न विचारता. ते बरंच केलंस, ती तुझीच होती.

खरं सांगायचं तर एक गोष्ट मला तेव्हापासून काही सुचू देत नाही. मंगळवारी संध्याकाळी मी तुला खबर दिली तेव्हा तू शारजात स्वयंपाक करत होतीस. बुधवारी दुपारी तू दर्यापुरात. मधे अख्खा समुद्र आहे. हे झालं कसं?

माझ्या डोक्यात काय होतं, तर अब्बांचे मामू. हजला गेले तेव्हा मुंबईहून जहाजाने आठ-दहा दिवस लागले, असं ते सांगायचे. त्यातून मी विमान म्हणून काही दिवस कमी केले आणि दोन धरले. हसण्यासारखंच आहे. फुरकान चाचांनी विचारलं, पोरगी कधी पोचते, तर मी छातीठोक सांगितलं, गुरुवारच्या आधी शक्य नाही. चाचा कब्रस्तानाचं सगळं पाहतात, त्यांनी बुधवारची जोहरची नमाज ठरवली. दुपारी दीड.

दुकान ठीक आहे. फवारणी पंप दुरुस्तीला कमी येतात. मागच्या मोसमात कापसावर लाल्या पडला, पऱ्हाटी उभी लाल झाली, मग फवारायचं काय. दिल्ली-मुंबईकडून पाहणीला गाड्या भरून माणसं येतात, रस्त्याला नावं ठेवतात आणि जातात.

तू विमानात नेमकी किती वेळ होतीस? एवढं तरी कळव.

तुझा भाऊ,
शफीक


दर्यापूर, ९ मार्च २००८

उज्मा,

पत्र पोचलं असं दानिशमियाँनी सांगितलं. उत्तर नाही, तरी चालेल.

हरिहर सरांकडे गेलो होतो. निवृत्त झाल्यापासून अंगणातल्या चार लिंबांवर फवारणी करतात आणि महिन्यातून एकदा पंपाचं वायसर खराब करून ठेवतात. पंप नीट करून दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, शारजा इथून किती लांब हाय?"

सरांचा चेहरा असा खुलला, जणू वीस वर्षं याच प्रश्नाची वाट पाहत होते. कपाटावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला पृथ्वीगोल काढला, रमाकाकूंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा मागवला. मी म्हणालो, मी नकाशावर पट्टी लावून पाहिली आहे. सर म्हणाले, नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते. विमान गोलावरून जातं, म्हणून दोरा. मग त्यांनी मला एक बोट नागपूरवर ठेवायला लावलं, आणि दोरा ताणून स्वतःचं बोट शारजावर. दोरा भरला पावणेसहा सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. आकडा आला चोवीसशे चव्वेचाळीस.

"आता वेळ काढ," सर म्हणाले. त्यांनी विमानाचा वेग ताशी आठशे धरायला सांगितला. तीन तास आले. वर चढायला आणि खाली उतरायला वेग कमी, म्हणून थोडे वाढव, साडेतीनच्या वर नाही.

मी पुन्हा गुणाकार-भागाकार केला. अकोल्याहून मुंबईला रेल्वेने गेलो होतो तर नऊ तास लागले होते, आणि मुंबई तर आपल्याच राज्यात. सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, तुझा विश्वास बसत नाही एवढंच.

मग त्यांनी तुझ्या घड्याळाचं सांगितलं. तुझं घड्याळ आमच्या दीड तास मागे. मी तुला सहा वाजता फोन केला तेव्हा तुझ्याकडे साडेचार वाजले होते. दुपार होती. मला वाटत होतं, तुझ्याकडेही दिवेलागण झाली असेल.

रमाकाकूंनी चहा देताना तुझी चौकशी केली. तुझी भूगोलाची वही सरांनी दोन वर्षं पुढच्या मुलींना दाखवली होती म्हणे, मला माहीत नव्हतं. मी निघालो तेव्हा सर फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "हे काढून तू करून काय राहिला, शफीक?"

मी म्हणालो, सहज.

शफीक


दर्यापूर, २० एप्रिल २००८

उज्मा,

मी नागपूरला जाऊन आलो. पंपाचे सुटे भाग आणायचे होते, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. आदल्या दिवशी मोमिनपुऱ्यात खालाच्या घरी उतरलो आणि सकाळी सहा वाजता विमानतळावर हजर. आत सोडत नाहीत. बाहेर लोखंडी कठड्याला टेकून उभा राहिलो. सव्वासातला तुझ्या शारजाचं विमान उतरलं. आधी मला ते दिसलं नाही, आवाज आला, आणि पाहतो तर पुढे निघून गेलेलं.

पाऊण तासाने माणसं बाहेर आली. एका बाईला विचारलं, बहेनजी, कितने घंटे लगे? तिने घड्याळ पाहून सांगितलं, तीन. वर म्हणाली, जाताना मात्र साडेतीन लागतात. मला वाटलं ती चुकली. रस्ता तोच, विमान तेच, मग अर्धा तास जास्त कसा? दुसऱ्या एकाला विचारलं, तोही तेच म्हणाला. परत आल्यावर सरांना विचारलं. सर म्हणाले, तिथे वर, दहा किलोमीटरवर, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, विमान इकडे येताना तो पाठीशी असतो. म्हणजे उज्मा, इकडे यायला कमी वेळ लागतो. मला ही गोष्ट फार आवडली. दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगत होतो. एकाने विचारलं, त्या वाऱ्याने पाऊस येतो का. मी नाही म्हणालो, तर तो म्हणाला, मग काय कामाचा.

विमानतळाबाहेरून मी एक जीप केली. तू केली असशील तशीच. आठ वाजता निघालो, अकराला अमरावती. पुढे वलगाव. तिथे मी जीप सोडून दिली.

तू आलीस त्या दिवशी कापसाच्या भावासाठी तिथे रास्ता रोको होता, एवढं मला ठाऊक होतं. फाट्यावरच्या पानठेल्यावर विचारलं. ठेलेवाले पंजाबराव स्वतः त्या दिवशी रस्त्यावर बसलेले. म्हणाले, साडेअकराला बसलो ते अडीचपर्यंत. मग स्वतःच सांगू लागले, "एक बाई होती जीपमंदी. उतरली न् हात जोडून म्हने, माय गेली माही, जाऊ द्या. आमी उठलो ना भाऊ. सारे उठलो. पन म्होरं ट्रॅक्टर आडवा लावेल, अन् त्याचा ड्रायवर किल्ली घेऊन गेला कुठी."

मी विचारलं, मग?

"मंग काय. थे बाई पायी निंगाली. बॅग डोक्श्यावर घेतली न् उन्हात गाड्याच्या रांगेतून चालली. रांग दीड-दोन किलोमीटर. पल्याड गाडी भेटली का नाई, मले मालूम नाई."

तू हे सांगितलं नाहीस कोणालाच. आम्हाला वाटलं तू जीपमध्ये बसून आलीस. तुझ्या चपलेचा अंगठा तुटलेला मी पाहिला होता, विचारलं नव्हतं.

पंजाबरावांनी पानाचे पैसे घेतले नाहीत. त्यांना मी माझं नातं सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं.

शफीक


दर्यापूर, १८ मे २००८

उज्मा,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

तुझा फोन तुटला नव्हता. अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. तू अमरावतीच्या बसस्टँडसमोरच्या बूथवरून बोलत होतीस, मागे कंडक्टर अचलपूर, अचलपूर ओरडत होता, तेसुद्धा मला ऐकू आलं. तू म्हणालीस, "भाईजान, अमरावती पहुँच गई. अम्मी को रोक के रखो." मी सगळं ऐकलं. हॅलो, हॅलो म्हणालो आणि बटण दाबलं.

का, ते तुझ्या आधी मीच मला विचारलं आहे. तुझ्यावर राग नव्हता. आदल्या दिवशी मी वीस माणसांसमोर सांगितलं होतं, गुरुवारच्या आधी पोचणं शक्य नाही. तू मला ओळखतेस. दुकानात कोणी विचारलं पंप कधी होईल, तर मी म्हणतो परवा साडेदहा, आणि परवा साडेदहाला पंप तयार असतो. शफीकने सांगितलं म्हणजे झालं, असं लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला बरं वाटतं. फोन आला तेव्हा अंगणात सगळे बसले होते. अकोल्याचे मामू येऊन पोचले होते. आता उठून सांगायचं की माझं चुकलं, ती तासाभरात येते? जीभ उचलली नाही. एवढीच गोष्ट आहे. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी ते लिहिलं असतं.

मला वाटलं, तू कदाचित जोहरच्या आधीच पोचशील आणि मग काही सांगावंच लागणार नाही. साडेबारापासून मी रस्त्याकडे पाहत होतो. एक वाजता कोणीतरी म्हणालं वलगावला रास्ता रोको आहे. तेव्हाही बोलता आलं असतं.

परवा जुम्म्याच्या नमाजनंतर मी फुरकान चाचांना थांबवलं. त्या दिवशी आलेले आणखी सहा-सात जण होते. सगळ्यांसमोरच सांगितलं. चाचा मराठीतच बोलतात, कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असरपर्यंत थांबलो असतो ना बाप्पा. काय बिगडत होतं? कबर तयार होती, ते काई पळून जात नव्हती."

असरची नमाज त्या दिवशी साडेचारला होती. तू पावणेचारला आलीस. पाऊण तास आधी.

मामूंना अकोल्याला जाऊन सांगितलं. त्यांनी मला जेवायला वाढलं, पण स्वतः बसले नाहीत.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

शफीक


दर्यापूर, २२ जून २००८

उज्मा,

तुझं पत्र आलं. सात महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. अख्ख्या कागदावर एकच ओळ: अम्मीने माझी आठवण काढली होती का, खरं सांगा.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी मागच्या पत्रात सांगायला हवी होती. ते पत्र मोठं झालं म्हणून थांबलो, असं मी स्वतःला सांगितलं.

अम्मी दहा दिवस अंथरुणाला होती. तू रविवारी फोन केलास तेव्हा मी तुला सर्दी-खोकला म्हणालो. तसं नव्हतं. डॉक्टरांनी शुक्रवारीच सांगितलं होतं, छातीत पाणी आहे, वय पाहता ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. अमरावतीला न्यायला तिने नकार दिला.

शनिवारी दुपारी मी तिला पेज भरवत होतो. दोन चमचे घेऊन तिने तोंड फिरवलं आणि विचारलं, "उज्मा का गाँव कित्ता दूर हय रे यहाँ से?"

मी म्हणालो, लय दूर. समुद्रापार. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला.

तिने डोळे मिटून बोटांवर मोजलं. चार दिवस प्रवासातच गेले तर अलीझाच्या शाळेचं काय, दानिशमियाँ एकटे काय करतील, तुला नोकरीवर कोण रजा देईल, असं एकेक बोलत राहिली. मग म्हणाली, "जाने दे. मत बुला. बच्ची हैरान होगी."

मी नाही बोलावलं. अम्मीच नको म्हणाली, असं म्हणून मी सात महिने झोपलो. पण ती नको म्हणाली ते माझ्या दोन दिवसांमुळे. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे म्हणता आलं नाही. मी तिला तीन तास म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, मग बोलाव की. शनिवारी बोलावलं असतं तर रविवारी तू आली असतीस. तिच्याजवळ दोन दिवस मिळाले असते तुला, जिवंतपणी.

सरांचा दोरा मी त्यासाठी ताणला, उज्मा. तुझ्या पावणेचारसाठी नाही. तिला सांगितलेला आकडा किती चुकला ते मला पाहायचं होतं.

तर हो, आठवण काढली होती. मंगळवारी सकाळीही काढली. तुझं लग्न झालं तेव्हा रुसून मोर्शीच्या संत्र्यांची टोपली तू परत पाठवली होतीस, ते आठवून हसली. त्यानंतर फारशी बोलली नाही. त्रास झाला नाही तिला.

याखेरीज लपवलेलं आता माझ्याकडे काही नाही.

शफीक


अमरावती बसस्टँड, २४ ऑगस्ट २००८

उज्मा,

हे पत्र कशाला, असं म्हणशील. तुला सकाळी विमानतळावर सोडलं, आणि आठ दिवस एकाच घरात होतो. पण तिथे बोलता आलं नाही ते लिहितो. दर्यापूरची बस दोनला आहे, बाकड्यावर बसलो आहे, समोर पावसाचं पाणी साचलं आहे आणि वेळच वेळ आहे.

मागच्या पत्रानंतर तू महिनाभर काही कळवलं नाहीस. मग एकदम दानिशमियाँचा फोन, उज्मा आणि अलीझा सतरा तारखेला येतात. मी न्यायला आलो तर तू सलाम केलास आणि अलीझाला पुढे केलंस. तिने जीपमध्ये बसल्या बसल्या मला विचारलं, मामू, आपलं गाव किती लांब आहे. मी सांगणार होतो, मग म्हणालो, रस्ता कसा आहे त्यावर आहे, बघू. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

कब्रस्तानात तू गेलीस तेव्हा फुरकान चाचांनी स्वतः फाटक उघडलं आणि सगळ्या पुरुषांना बाहेर नेलं, मलाही. तू तिथे अर्धा तास होतीस. अम्मीशी काय बोललीस ते मी विचारलं नाही. पुढेही विचारणार नाही.

हरिहर सरांकडे अलीझाने तो पृथ्वीगोल इतका फिरवला की त्याचा खिळा ढिला झाला. सर खूश होते. मी येत्या रविवारी तो नीट करून देईन.

आज सकाळी कठड्यापाशी तू जे बोललीस ते पुन्हा पुन्हा आठवतो आहे. तू म्हणालीस, "माफ किया, ऐसा मैं नहीं बोलूँगी, भाईजान. अभी नहीं. लेकिन फोन करते जाओ, मैं उठाऊँगी." मी मान हलवली. एवढं पुरे होतं. खरं म्हणजे एवढंही मी धरून चाललो नव्हतो.

तू आत गेल्यावर मी तिथेच थांबलो. आठला विमान गेलं. मग सिटीबसने नागपूरचं स्टँड, तिथे तासभर, मग एसटी. तळेगावजवळ एक ट्रक कलंडलेला, तिथे अर्धा तास. इथे सव्वा वाजता उतरलो. जेवून घ्यावं म्हणून उठलो, आणि मोबाइल वाजला. आताच, पाच मिनिटांपूर्वी. तुझाच फोन होता, तुला माहीतच आहे, तरी लिहितो.

तू म्हणालीस, पोचलो, घरी आलो, अलीझा जेवते आहे. मग विचारलंस, "आप कहाँ तक पहुँचे?"

मी म्हणालो, "अमरावती."

तू हसलीस. इतकी की तुला बोलताच येईना, आणि मागून अलीझा विचारत होती, क्या हुआ, अम्मी, क्या हुआ.

शफीक